दंडाची पावती आणि प्रौढांचे मन

२५ मार्च २०२० रोजी सारा देश दाराआड गेला. पहिल्या त्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या माणसाने जो संयम दाखविला, तो केवळ पोलिसांच्या लाठीचे फळ नव्हता. भाजी मिठाच्या पाण्यात धुणारी, दाराची कडी पुन्हा पुन्हा पुसणारी ती माणसे भ्याली होती हे खरे. (वर्तमानपत्रालाही अनेकांनी उंबरठ्याबाहेर ठेवले, त्याचा राग आम्ही केव्हाच सोडून दिला आहे!) पण आपण घरात राहिलो तर शेजारचे वृद्ध गृहस्थ वाचतील, ही भावनाही त्या भीतीइतकीच बळकट होती.

पुढे महिने लोटले आणि तोच मुखपट्टा हनुवटीवर उतरला. सरकारी अधिकाऱ्यांनी याला बेफिकिरी म्हटले, दंडाची पावतीपुस्तके बाहेर काढली. हे निदान आम्हांला मान्य नाही. प्रौढ माणूस नियमाला कंटाळण्याआधी कारण न सांगितलेल्या नियमाला कंटाळतो. त्याच वर्षी महाराष्ट्रात ५ ऑक्टोबरला मद्यालये उघडली, देवळांची दारे मात्र १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. या क्रमामागे काही विचार असेलही. पण तो लोकांना पटेल अशा भाषेत सांगण्याची तसदी कोणी घेतली काय? ज्याला कारण कळत नाही तो एक तर चिडतो, नाही तर नियमातून पळवाट शोधतो, आणि एकदा पळवाट सापडली की आवश्यक नियमही तिच्यातूनच निसटतात.

याच वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस. टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या, आणि शतकानुशतके पायी चालणारा वारकरी घरी बसला. लालबागच्या गणेशोत्सव मंडळाने मूर्ती न बसविता रक्तदानाचे शिबिर भरविले. ज्यांच्या श्रद्धेला सर्वांत मोठी मुरड पडली, त्यांनीच ती सर्वांत शांतपणे सोसली. निर्णयात त्यांना काही स्थान मिळाले होते, हेच त्याचे कारण होय.

परंतु या साऱ्याहून खोल असा एक घाव आहे आणि त्याची वाच्यता क्वचितच होते. अंत्ययात्रेस २० माणसे, हा नियम लोकांनी पाळला. रुग्णालयात गेलेला बाप पुन्हा दिसला तो गुंडाळलेल्या देहाच्या रूपात, तोही दुरून. मुलीला त्याच्या कपाळावर हात ठेवता आला नाही, दहाव्याला आप्त जमले नाहीत. नियम बरोबरच होता. पण तो पाळणाऱ्याच्या मनात 'मी शेवटचे पाणीही पाजले नाही' हा सल राहिला, आणि त्या सलाला कोणत्याही शासकीय परिपत्रकात जागा नव्हती. नियम मोडणाऱ्याची नोंद झाली. पाळणाऱ्याची विचारपूस झाली नाही.

होणार तरी कशी? ज्या कायद्यांच्या आधारे हे सारे झाले त्यांतील एक ४ फेब्रुवारी १८९७ चा, आणि मूळचा अवघ्या चार कलमांचा. हुकूम काढण्याचा अधिकार, तो मोडणाऱ्यास शिक्षा आणि बजावणाऱ्यास संरक्षण, एवढाच त्याचा ऐवज. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई घराघरांत, थेट देवघरापर्यंत शिरले आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. आणि त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च रोजी निवर्तल्या. एकाच साथीला सामोरे जाण्याच्या या दोन रीती. कायद्याने त्यांतील पहिलीच उचलली!

२०२० साली त्यात दुरुस्ती झाली. डॉक्टर, परिचारिका यांच्यावर हात टाकणाऱ्यास कडक शिक्षा ठेवली गेली, ते योग्यच झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधि आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा ठरवून त्यात सुधारणा करण्याची अथवा नवा सर्वंकष कायदा करण्याची शिफारस केली. ते काम ज्यांच्या हाती येईल त्यांच्याकडे आमची मागणी आहे की, शिक्षेच्या कलमांशेजारी आणखी दोन कलमे असावीत. प्रत्येक निर्बंधासोबत त्याचे कारण आणि त्याची मुदत लोकभाषेत प्रसिद्ध करणे सरकारवर बंधनकारक व्हावे. आणि मरणाऱ्या माणसाजवळ, सर्व खबरदारी घेऊन का होईना, त्याचे एक आप्त असण्याचा हक्क लेखी मान्य व्हावा.