धनी असून बेवारस

जमिनीचा तंटा निघाला कीं आपल्याकडील घरांत वडील मंडळी प्रथम दप्तर सोडावयास बसतात. सनद, वाटणीपत्र, मृत्युपत्र, सात-बाराचा उतारा असा एकेक कागद उलगडला जातो. आणि ज्याच्या हातीं कागद त्याची जमीन, हें सूत्र आपण लहानपणापासून गृहीत धरून चालतों. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबई इलाख्यांत १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली, तेव्हां पुरेसा पुरावा दाखवितां न आल्यामुळें अनेक घराण्यांचीं इनामें खालसा झालीं. परंतु त्याच इंग्रजी साम्राज्याच्या दुसऱ्या टोंकास याहून विलक्षण प्रकार चालू होता. तेथें कागद मागण्याची तसदीसुद्धां कोणी घेतली नाहीं. तेथील मूळच्या माणसांची जमिनीवर मालकी असूं शकते, हेंच मुळीं कायद्यास ठाऊक नव्हतें. तो देश ऑस्ट्रेलिया. लोकसत्ताक व सुधारलेल्या राष्ट्रांत जुन्या अन्यायाचें परिमार्जन कितपत होऊं शकतें, हें पाहावयाचें असल्यास त्या देशाच्या गेल्या कांहीं दशकांच्या हकीकतीसारखी दुसरी बोधप्रद हकीकत आम्हांस आढळली नाहीं.

१७७० मध्यें कप्तान कुकनें पूर्वकिनारा आपल्या राजाच्या नांवें घेतला व १७८८ मध्यें सिडनीस वसाहत उतरली. त्या भूमींत हजारों वर्षें माणसें नांदत होतीं. परंतु नांगरलेलीं शेतें व कुंपणें दिसलीं नाहींत, म्हणून ती भूमि कोणाचीच नव्हे असें धरून कारभार चालला. १८३५ मध्यें जॉन बॅटमन नांवाच्या एका गृहस्थानें हल्लींच्या मेलबर्नजवळ तेथील लोकांशीं जमिनीचा करार केला. करार लबाडीचा होता असेंही म्हणतात. पण गव्हर्नर बर्कनें तो रद्द ठरविला तो लबाडीसाठीं नव्हे. जमीन राजाची आहे, तेव्हां हे लोक ती देणारे कोण, असा त्याचा मुद्दा होता. पुढें १८८९ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनेंही न्यू साउथ वेल्सची वसाहत झाली तेव्हां तेथें स्थायिक वस्ती किंवा स्थिर कायदा जवळजवळ नव्हताच, असा निर्वाळा दिला. आपल्याकडील दत्तकाचे व वाटणीचे दावे बोटीनें ज्या दरबारीं जात, तोच हा दरबार.

ह्या भिंतीस पहिलें खिंडार पाडलें तें एका माळ्यानें. एडी कोइकी माबो हे टोरेस सामुद्रधुनींतील मेर ह्या बेटावर जन्मले. मेर व शेजारचीं दोन बेटें मिळून सारी जमीन सुमारें ९ चौरस किलोमीटर. तेथील मेरियम लोक बागाईत करणारे. प्रत्येक कुटुंबाचा तुकडा ठरलेला, हद्दीचीं झाडें व दगड पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ. दुसऱ्याच्या जमिनींत पाऊल टाकूं नये, त्याच्या फळास हात लावूं नये, असा त्यांच्या मालो देवतेचा दंडक आहे. माबो हे टाउन्सव्हिल येथें, योगायोग असा कीं कप्तान कुकचेंच नांव असलेल्या विद्यापीठांत, माळीकाम करीत. वडिलोपार्जित जमिनीविषयीं ते अभिमानानें बोलूं लागले तेव्हां तेथील दोन इतिहासकारांनीं त्यांस मोठ्या संकोचानें सांगितलें कीं, कायद्यानें ती जमीन तुमची नाहीं, सरकारची आहे. माबो ह्यांचा त्यावर विश्वासच बसेना.

१९८२ मध्यें त्यांनीं व आणखी चौघांनीं दावा लावला. तो दहा वर्षें चालला. मध्यंतरीं १९८५ मध्यें क्वीन्सलंड सरकारनें असा कायदा केला कीं, बेटांवर पूर्वीं कोणाचे हक्क असलेच तरी ते १८७९ पासूनच नष्ट झाले आहेत, आणि त्यांबद्दल भरपाई नाहीं! सुदैवानें १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा आड आला, व १९८८ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं ही युक्ति हाणून पाडली. खालीं पुराव्याच्या वेळीं माबो आजोबांनीं दाखविलेल्या हद्दी सांगूं लागले कीं, ही ऐकीव गोष्ट आहे, अशी सरकारपक्षाची हरकत येई. जेथें लेखनच नव्हतें तेथें आजोबांच्या सांगण्यावांचून दुसरें दप्तर तें कोणतें असणार? आईच्या मृत्यूनंतर मामानें त्यांस दत्तक घेतलें होतें; तें दत्तविधानही चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांस पटलें नाहीं, आणि स्वतः माबो ह्यांचा जमिनीवरील दावा फेटाळला गेला. खटला पुढें गेला तो इतरांच्या पुराव्यावर. ३ जून १९९२ रोजीं सहा विरुद्ध एक अशा बहुमतानें वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, राजसत्ता आली म्हणून जमिनीची मालकी आपोआप बुडाली नाहीं. मेर बेट मेरियम लोकांचेंच आहे. माबो त्याच वर्षीं २१ जानेवारीस निवर्तले होते. १९९५ मध्यें टाउन्सव्हिल येथें त्यांच्या थडग्यावर स्मृतिशिळा उघडली, त्याच रात्रीं कोणीं तें विद्रूप केलें. अखेरीस कुटुंबीयांनीं त्यांचा देह मेर बेटावर नेऊन पुरला.

येथवरची कथा ऐकून वाचकांस समाधान वाटेल. आमचें समाधान मात्र पुढील प्रकरण वाचतांना टिकलें नाहीं. निकालानंतर १९९३ मध्यें कायदा झाला. तुमच्या परसांतल्या बागेवरही आतां दावे लागतील अशी आवई त्या वेळीं उठली; वस्तुतः सरकारनें जी जमीन पूर्ण मालकीनें खाजगी माणसांस दिली होती तिला धक्का लागावयाचा नव्हता. उरलेल्या जमिनीवर ज्यांस हक्क सांगावयाचा, त्यांनीं आपला पूर्वापार संबंध व रीतिरिवाज अखंड चालत आल्याचें शाबीत करावयाचें होतें. मेर बेट आडबाजूस, तेथें गोऱ्यांची वस्ती जवळजवळ झालीच नाहीं. त्यांस तें जमलें. आग्नेय भागांतील मरे नदीकांठच्या योर्टा योर्टा लोकांचीं कुरणें मेंढपाळ गोऱ्यांनीं बळकावलीं होतीं, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळांना मिशनच्या वस्तींत राहावें लागलें होतें. १८८१ मध्यें त्यांच्या पूर्वजांनीं गव्हर्नरकडे अर्ज केला कीं, आमचीं शिकारीचीं रानें गेलीं, निदान शेती करून पोट भरण्यापुरती जमीन द्या. १९९८ मध्यें न्यायमूर्तींनीं हाच अर्ज त्यांच्याविरुद्ध पुरावा धरला! पूर्वजांनीं जुनी जीवनपद्धति सोडल्याचें ह्यावरून दिसतें, असें ते म्हणाले. वृद्धांच्या तोंडच्या साक्षीपेक्षां कर ह्या एका कुरणवाल्या गोऱ्याच्या आठवणींस त्यांनीं अधिक वजन दिलें. आणि माबो निकालांतीलच शब्द उचलून, इतिहासाच्या भरतींत त्यांचा हक्क वाहून गेला, असा निर्णय दिला. २००२ मध्यें वरिष्ठ न्यायालयानेंही तो कायम केला.

कोंकणांतील घर सोडून चार पिढ्या पुण्यामुंबईस काढलेल्या कुटुंबास, तुम्ही धोतर टाकून पाटलोण घातली, कुळधर्म संक्षिप्त केले, तेव्हां गांवच्या ठिकाणावरील तुमचा हिस्सा गेला, असें कोणी म्हटल्यास आपण काय म्हणूं? आणि हें कुटुंब तर स्वेच्छेनें बाहेर पडलेलें असतें. येथें हुसकून लावणाऱ्यानेंच पुढें न्यायासनावरून विचारावें कीं, तुम्ही जागेवर कां राहिलां नाहीं? ज्यांचें कमी लुटलें गेलें त्यांस हक्क, आणि ज्यांचें सर्वस्व गेलें त्यांस उपदेश, असा ह्या कसोटीचा परिणाम होतो. आजचा गोरा शेतकरी शंभर वर्षांपूर्वींच्या अपराधाचा धनी नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. पण सरकार ही संस्था तर मरत नसते.

कायद्यानें जें होईना तें लोकमतानें होईल, अशीही आशा होती. १९६७ च्या सार्वमतांत शेंकडा नव्वदांहून अधिक मतदारांनीं ह्या लोकांस खानेसुमारींत धरण्यास व केंद्रसरकारास त्यांच्यासाठीं कायदे करूं देण्यास अनुमति दिली होती. परंतु १४ ऑक्टोबर २०२३ रोजीं, पार्लमेंटास सल्ला देणारें त्यांचें एक मंडळ घटनेंत घालावें कीं नाहीं असा प्रश्न आला, तेव्हां शेंकडा साठ मतें विरुद्ध पडलीं व साही राज्यांनीं नकार दिला. त्यांच्यांतील कांहीं पुढाऱ्यांचाही विरोध होता, हें खरें. पण जो समाज लोकसंख्येंत शेंकडा चारांहूनही कमी, त्याचा प्रश्न मतांच्या पेटींत टाकल्यावर निर्णय नेहमींच दुसऱ्यांच्या हातीं राहावयाचा.

न्यायालयांचा दरवाजा मात्र अगदींच बंद झालेला नाहीं. उत्तरेकडील योल्ङु लोकांनीं, आपल्या जमिनींत बॉक्साइटच्या खाणी होऊं घातल्या तेव्हां, १९६३ मध्यें झाडाच्या सालीवर चित्रें काढून पार्लमेंटास अर्ज केला होता. पुढें त्यांनीं खटला लावला. १९७१ मध्यें न्यायाधीशांनीं त्यांची व्यवस्था मोठी सूक्ष्म व नियमबद्ध असल्याचें कबूल केलें, परंतु तिला मालकी म्हणतां येत नाहीं असें सांगून दावा काढून टाकला. त्या खटल्यांतील एका वादीचे चिरंजीव गॅलरवुई युनुपिंगू ह्यांनीं २०१९ मध्यें भरपाईचा नवा दावा आणला. मार्च २०२५ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें केंद्रसरकारचें अपील फेटाळून ठरविलें कीं, हा हक्क घटनेच्या दृष्टीनें मालमत्ताच आहे, आणि न्याय्य मोबदल्यावांचून तो हिरावून घेतां येत नाहीं. वडिलांचा दावा हरल्यापासून त्यास चोपन्न वर्षें लोटलीं होतीं. युनुपिंगूही एप्रिल २०२३ मध्येंच वारले होते.