राजप्रमुखांची स्वाक्षरी, मंत्रिमंडळाचा कारभार

२०२३ साली पंजाब, तामिळनाडू व केरळ या राज्यांची विधेयके राज्यपालांकडे रखडल्याने वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्याच्या घटनात्मक प्रमुखाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याबाहेर किती जावे, हा मूळ प्रश्न. कॅनडा व ऑस्ट्रेलिया या संघराज्यांचे राष्ट्रप्रमुख राजे तिसरे चार्ल्स आहेत. पण तेथे कारभार संसदेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळच पाहते.

या व्यवस्थेचे जवळचे रूप हिंगोलीने अनुभवले आहे. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले हिंगोली हैदराबाद राज्यात मोडत असे. २६ जानेवारी १९५० रोजी ते भारतीय संघराज्यातील ‘ब’ वर्गाचे राज्य झाले आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान त्याचे राजप्रमुख. ज्यांचा शब्द हाच कायदा होता, ते आता राज्यघटनेच्या चौकटीत आले!

परंतु राजाचे अधिकार मर्यादित केल्याने लोकशाही आपोआप येत नाही. १९५२ पर्यंत निवडून आलेली विधानसभाच नव्हती. मुख्यमंत्री एम. के. वेल्लोडी हे केंद्राने नेमलेले सनदी अधिकारी. ते जाब देणार तो दिल्लीला, हिंगोलीच्या शेतकऱ्याला नव्हे. (मिस्साबलिदानात आपण राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा हा भेद ध्यानात असावा.) सार्वत्रिक निवडणुकीनंतर, मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्ण राव यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा कोठे ही उणीव भरून निघाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजप्रमुखपद संपुष्टात आले व मराठवाडा मुंबई राज्यात, राज्यपालांच्या स्वाक्षरीखाली आला.