घरगुती विज्ञान : भिंतीला ऊब कशाला?

वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें व सुना आज थंड देशांत संसार थाटून आहेत. त्यांच्या उपयोगीं पडेल म्हणून एक अनुभव येथें देतों. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही उभयतां इंग्लंडांत लीड्स येथें चिरंजीवांकडे राहिलों. घर शंभर वर्षांहून जुनें, लाल विटांचें, चाळीसारखें रांगेंत उभें. प्रत्येक खोलींत खिडकीखालीं पोलादी पत्र्याचा चपटा रेडिएटर. गॅसवर तापलेलें पाणी नळ्यांतून त्यांत खेळतें व खोली ऊबदार होते. २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धामुळें तेथें गॅसचे भाव अतोनात चढले. तेव्हांपासून त्या घरांत बिलाचा विषय निघाला कीं जेवतांना सारे गप्प होत.

एके दुपारीं आम्ही फिरावयास निघालों आणि पावसामुळें अर्ध्या वाटेवरून परतलों. पाहतों तों सूनबाई दोन स्वेटरांवर शाल लपेटून बसलेली, आणि रेडिएटर थंडगार! आम्ही घरांत असतांना तो चालू व आमची पाठ वळतांच बंद, असा तिचा नित्यक्रम होता. आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. तिनेंही कांहीं सांगितलें नाहीं. सायंकाळीं रेडिएटर तापल्यावर त्याच्यामागें हात घालून पाहिला. भिंत चांगली कढत होती.

ही भिंत तापली कोणासाठीं? भिंतीपार किती उष्णता जावी, हें आंतल्या व बाहेरच्या उष्णमानांतील अंतरावर ठरतें. बाहेर ५ अंश व खोलींत २० असतील, तर अंतर १५. रेडिएटरमागें भिंतीपाशीं ४० अंश धरले, तर तेंच ३५ होतें. म्हणजे तेवढ्या भागापुरती गळती दुपटीहून अधिक. त्यांतून भिंत नऊ इंची, भरीव. बाहेरून पाहतांना विटांच्या लांब बाजूंबरोबर त्यांचीं आंखूड टोकेंही दिसलीं, तर भिंत बहुधा भरीव समजावी.

पत्र्याची उष्णता भिंतीकडे कांहीं हवेबरोबर जाते, कांहीं किरणरूपानें. ही दुसरी वाट ॲल्युमिनियमच्या वर्खानें अडवितां येते. रंगविलेली भिंत अंगावर पडणाऱ्या उष्णकिरणांपैकीं सुमारें नव्वद टक्के गिळते. स्वच्छ वर्ख पंचाण्णवच्या आसपास परत फिरवितो. जेम्स ड्यूअर यांनीं १८९२ सालीं दुहेरी कांचेची निर्वात बाटली केली, तिला रुपेरी मुलामा याच हेतूनें; आपला थर्मास तिचाच वंशज.

मऊ फोमच्या पातळ थरावर बसविलेल्या अशा वर्खाची गुंडाळी बाजारांत मिळते. रेडिएटर थंड असतांना लांब पट्टीनें ती मागें सरकवून भिंतीस चिकटविली. चकाकती बाजू रेडिएटरकडे, व दोहोंमध्यें हवेची फट. ही फट राखणें फार महत्त्वाचें. वर्ख पत्र्यास टेकला, कीं उष्णता स्पर्शानेंच पार होते व चकाकीचा उपयोग संपतो. धूळही अधूनमधून पुसावी. विजेच्या हीटरमागें मात्र हा उद्योग करूं नये.

यानें बिल निम्मे होईल, असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये. लाभ बाहेरच्या भरीव भिंतींपुरता, तोही बेताचा. आंतल्या भिंतींस वर्ख लावणें व्यर्थ. आमच्या घरीं दुसरा मोठा चोर निराळाच निघाला, आणि तो हेरला आमच्या सौभाग्यवतींनीं. खिडकीचा लांब पडदा रात्रीं रेडिएटरवरून खालीं लोंबे, त्यामुळें वर चढणारी ऊब पडदा व कांच यांच्या मध्येंच अडके. चिरंजीव विज्ञानाचा पदवीधर, आम्ही शाळामास्तर. दोघांच्याही हें ध्यानांत आलें नव्हतें. त्यांनीं सुईदोरा घेऊन एका दुपारांत सारे पडदे खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आंखूड केले.

दुपारीं रेडिएटर चालू ठेवतेस ना, असें आतां दूरध्वनीवर विचारलें, कीं सूनबाई "हो, हो" म्हणते. परवां पडद्यावर दिसली तेव्हां अंगांत एकच स्वेटर होता, शाल नव्हती. बाहेर किती अंश आहेत, हें विचारावयाचें मात्र राहून गेलें.