आणखी एक खोली? आधी नकाशा बघा!

दोस्तांनो, तुम्हाला अभ्यासाला वेगळी खोली हवी, म्हणून घरी 'गच्चीवर एक खोली काढू या' असं चाललंय? जरा थांबा. 'सगळेच करतात' ही काही परवानगी नव्हे.

महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार वाढीव बांधकामाला आधी मंजुरी लागते. किती बांधायचं, ते एफएसआय ठरवतो. तो १.१ असेल, तर १००० चौरस फुटांच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून ११०० चौरस फूट. घराभोवती मोकळी जागा सोडायची ती वेगळीच. ती वाया जात नाही हं! तिथूनच शेजाऱ्याला उजेड मिळतो, आग लागली तर बंब आत येतो.

पण दोष फक्त घरवाल्यांचा नाही. नियम इतके किचकट, की लोक विचारत बसण्यापेक्षा बांधून मोकळे होतात. छोट्या घरांचे नियम सोप्या मराठीत, एका पानात प्रत्येक पालिकेने द्यायलाच हवेत.

तोवर? कपाटातला मंजूर नकाशा काढा, नगररचना विभागात जाऊन विचारा. नोटीस आली, तर खोलीही जाईल नि आईबाबांची बचतही. खोली तुमच्यासाठीच होतेय ना? मग हा हेलपाटा तुम्हीच घाला.