ज्यांचे दुखणे, त्यांचा दवाखाना



खानापूर मागे टाकून हल्याळ-यल्लापूरच्या रानात शिरले की सिद्दी बांधवांच्या वाड्या लागतात. शतकांपूर्वी आफ्रिकेतून ज्यांना गुलाम म्हणून आणले, त्यांचे हे वंशज. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि आपले ख्रिस्ती भाऊबंदही आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींची गणना २००३ साली अनुसूचित जमातींत झाली. अशा वाडीची काही सेवा करावी असे ज्याच्या मनात येते, त्याची पहिली धाव बहुधा औषधांच्या पेटीकडे असते. एक दिवसाचे शिबिर भरते, गोळ्या वाटल्या जातात, आणि सायंकाळी पेटी आल्या वाटेने परत जाते. हेतू निर्मळ असतो, यात संशय नाही. परंतु तुम्हांला कशाचा त्रास होतो, असे त्या लोकांना आधी कोणी विचारलेले असते काय? हा प्रश्न गडचिरोली जिल्ह्यात विचारला गेला. त्याचे फळ काय मिळाले, ते आज सांगावयाचे आहे.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन स्वदेशी परतले, आणि १९८६ च्या सुमारास त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभिले. सरकारी इस्पितळ असूनही गोंड लोक तेथे जाण्यास कचरत. का, म्हणून विचारले तेव्हा लोकांनी मन मोकळे केले. मोठ्या इमारतीत वाट चुकते. डॉक्टर बोलतात ते कळत नाही. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते. आणि रोग्याच्या नातेवाइकांना बाहेर काढतात. मरणाच्या दारी असलेल्या माणसाला आपल्या माणसांपासून तोडावे, हा कुठला न्याय? शिकलेल्या मंडळींनी याला अडाणीपणा म्हटले असते. बंग दांपत्याने मात्र धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम वसविताना दवाखाना गोंडांच्या खेड्यासारखा, झोपड्या-झोपड्यांचा बांधला, आणि रोग्याजवळ घरच्यांना राहण्याची सोय केली. दवाखान्याला नावही लोकांनीच सुचविले: त्यांच्या दंतेश्वरी देवीचे. तेव्हा कोठे लोक येऊ लागले.

दूरदेशीही असेच घडलेले दिसते. ऑस्ट्रेलियातील मूळच्या रहिवाशांनी १९७१ साली सिडनी शहराच्या रेडफर्न भागात आपला दवाखाना काढला आणि त्याचा कारभार आपल्याच हाती ठेवला. त्या धर्तीवर तेथे पुढे ठिकठिकाणी दवाखाने उभे राहिले.

पण गडचिरोलीतील खरी नवलाची गोष्ट तान्ह्या बाळांची आहे. १९८८ च्या सुमारास तेथील त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळे वर्षाच्या आत दगावत. त्यांत न्यूमोनिया हा मोठा वैरी होता. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो यावरून हा रोग ओळखता येतो. पण गावच्या सुइणींना अंक कोठे मोजता येत होते? म्हणून त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधन करण्यात आले. वाळूचे घड्याळ उलटे करावयाचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर औषध सुरू करावयाचे. दहा-दहाच्या हिशेबाने मणी सरकविणे आपल्या घरातील आजीबाईंना काही शिकवावे लागणार नाही. रोज सायंकाळी रोजरी म्हणताना त्या दुसरे काय करतात?

पुढे १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळाला ऊब देणे, अंगावर पाजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि वेळ पडल्यास इंजेक्शन देणे, हे सारे त्यांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन केले. कमी शिकलेल्या बायकांच्या हाती सुई द्यावी काय, अशी शंका त्या वेळी अनेकांना येणे स्वाभाविक होते. तथापि ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले, आणि २००३ पर्यंत त्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ३० पर्यंत उतरले. आज आपल्या गावातील आशाताई बाळंतिणीच्या घरी पुनःपुन्हा येऊन बाळाचे वजन करतात, ती देशभरची योजना २०११ साली निघाली. तिचे मूळ या रानातल्या बायकांत आहे. आशाताई दारात आल्या म्हणजे ‘आम्हांला काही नको’ म्हणून त्यांना वाटेस लावणाऱ्या सासूबाईंनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आता दारूविषयी. आमचे मोठे दुखणे कोणते, असे विचारल्यावर गावोगावच्या बायकांनी एखाद्या तापाचे नाव न घेता दारूचे नाव घेतले. औषधाच्या पेटीत त्यावर उतारा नव्हता. ग्रामसभा भरल्या, चळवळ उभी राहिली, आणि १९९३ साली सरकारने जिल्ह्यात दारूबंदी केली. चोरटी दारू मात्र उरलीच; म्हणून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ नावाचा दुसरा प्रयत्न सुरू झाला, ज्यात गावानेच ठराव करून विक्री थांबवावयाची असते. आपल्या लग्नकार्यांत बाटलीला जो मान मिळतो, तो पाहता गोंड बायकांचे हे धैर्य मला तरी थोर वाटते.

‘मुक्तिपथा’त दारूच्या जोडीला तंबाखूही आहे. गडचिरोलीत सुपारी, चुना व तंबाखू यांचा ‘खर्रा’ लहान मुलेसुद्धा चघळतात. येथे आम्ही निपाणीकर जरा अवघडतो, कारण तंबाखू आमच्या शेतात पिकते आणि तिच्या वखारींवर कित्येक घरांची चूल पेटते. वखारीत दिवसभर धूळ गिळणाऱ्या बाईला ‘हे काम सोड’ म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतील. तिला दम लागतो काय, खोकला किती दिवसांचा आहे, आणि दुसरे कोणते काम मिळाले तर ती हे सोडील, एवढे विचारण्यास मात्र तिच्या ओसरीवर घटकाभर बसावे लागेल.