तरंगत्या धक्क्याचा नांगर

काल्हेर, कशेळी यांसारखी भिवंडी तालुक्यातील गावे उल्हास खाडीकाठी वसली आहेत. कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग २०१६ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला आहे. तेव्हा तरंगत्या धक्क्याचा विचार खाडीकाठच्या ग्रामस्थांनीही करावयास हवा. असा धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो. त्यामुळे भर ओहोटीतही चिखल न तुडविता भाजीच्या टोपल्या नावेत चढविता येतात. परंतु धक्का तरंगतो कसा, हे सारे पाहतात; तो जागेवर राहतो कसा, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत ४ ते ५ मीटरपर्यंत फरक पडतो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. खाडीत आत हे मान बदलते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेस आपल्याच गावी खांब रोवून दोन्ही पातळ्यांच्या खुणा कराव्यात.

धक्क्याचे दावे बैलाच्या दाव्यासारखेच असते. आखूड असेल तर भरतीला ताणून तुटते. फार लांब असेल तर ओहोटीला धक्का भरकटून काठावर तिरपा बसतो. यावर उपाय दोन. पहिला, तळात खोल ठोकलेले खांब व त्यांवर सहज सरकणारी लोखंडी कडी. दुसरा, चारही कोपऱ्यांतून धक्क्याखाली एकमेकींना छेदून नेलेल्या जड साखळ्या व त्यांच्या टोकांस भक्कम नांगर. साखळीचा झोल लाटेचा हिसका सोसतो. काठाशी जोडणाऱ्या फळीस बिजागरी असावी, म्हणजे तीही पाण्याबरोबर कलते.

खांबांची उंची नेहमीच्या भरतीपुरती धरणे ही घोडचूक होय. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या महापुराने बदलापूर-कल्याण परिसर जलमय केला होता. असा पूर आणि उधाण एकाच वेळी आले व पाणी खांबांच्या माथ्यावर गेले, तर कडी निसटतात आणि मोकळा झालेला धक्का खालच्या नावांवर जाऊन आदळतो. म्हणून खांबांचा माथा ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीहून उंच हवा.

माझे स्पष्ट मत असे की, खर्चात काटकसर करावयाची झाल्यास ती धक्क्याच्या लांबीत करावी, नांगर-साखळीत कदापि नव्हे. खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने झिजते. यास्तव दुरुस्तीची तरतूद ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात प्रतिवर्षी असावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दर अमावास्येस साखळ्या व कडी तपासून नोंद ठेवावी आणि झिजलेली कडी मृगापूर्वी बदलून घ्यावीत. धक्क्यावर पाऊल ठेवणारी माणसे आपल्याच गावची आहेत, याचा विसर पडू नये.