पसायदानाचा सातबारा कुणाच्या नावावर?



शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. आपल्याच नेवाशात ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी पसायदान मागितले. त्याचा सातबारा तेव्हा कुणी काढला नव्हता. आज शेवगाव-पाथर्डीकडच्या एखाद्या पोराने सप्ताहातले भजन मोबाइलवर टिपले, गावच्याच माळकऱ्यांच्या गळ्यातले पसायदान यूट्यूबवर टाकले, तर कुठल्याशा कॅसेट कंपनीच्या नावाने दावा येऊ शकतो, की हे गाणे आमचे! मग व्हिडिओ तरी बंद होतो, नाही तर त्यावरच्या जाहिरातीचा पैसा कंपनीकडे वळतो.

दावा माणूस करत नाही, यंत्र करते. यूट्यूबने ते २००७ साली आणले, नाव कंटेंट आयडी. कंपन्या आपली रेकॉर्डिंग त्यात भरून ठेवतात. पुढे कुणीही काही टाकले की यंत्र आवाज आणि चाल ताडून बघते. ओव्या सातशे वर्षांच्या की कालच्या, हे त्याला कळत नाही. त्याला फक्त कॅसेट ठाऊक.

या यंत्राची अक्कल जगाने पाहिली आहे. २०१२ साली एका माणसाच्या व्हिडिओत पाखरे ओरडत होती, तर ते कंपनीचे संगीत ठरले. त्याच वर्षी नासाची गाडी मंगळावर उतरली आणि नासाचाच व्हिडिओ एका बातमी कंपनीच्या दाव्याने बंद पडला. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एकाने टाकलेल्या दहा तासांच्या नुसत्या खरखरीवर पाच दावे आले. खरखरीलाही मालक निघाले!

२०२१च्या पहिल्या सहा महिन्यांत असे ७२ कोटींहून जास्त दावे झाले, असे यूट्यूबच सांगते. हरकत घेतली गेली ती शंभरात एकावरही नाही. पण हरकत घेणाऱ्यांपैकी ६० टक्के जिंकले. बाकीचे सगळे खरोखर चोर होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. पुष्कळसे घाबरले असतील.

कापूस एकाधिकारात ग्रेडरने प्रत पाडली की आपण गाडी घेऊन कुठे जाणार होतो? इथे त्याहून वाईट. हरकत घेतली तर पहिला निकाल दावेदार कंपनीच देते. पेप्सीने २०१९ साली गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर खटले भरले, तेव्हा तिला निदान कोर्टात तरी जावे लागले, आणि ओरड झाल्यावर ते मागेही घ्यावे लागले. यंत्राला कोर्ट लागत नाही आणि खोटा दावा केला म्हणून कंपनीच्या खिशातून दमडी जात नाही.

कंपनीने गायकाला पैसे देऊन केलेले रेकॉर्डिंग कंपनीचे, हे आम्हाला मान्य आहे. घामाचा मोबदला मागणारे आम्ही, दुसऱ्याचा कसा बुडवू? पण आपल्या गळ्यातला आवाज आपला आहे. कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे काव्य सगळ्यांचे होते. ज्ञानोबांना समाधी घेऊन सव्वासातशे वर्षे झाली. त्याच कायद्याचे कलम ६० बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कोर्टात जाण्याचा हक्क देते. आमची मागणी एवढीच, की दावा खोटा ठरला तर अडवलेला पैसा व्याजासह परत मिळावा आणि वर दंड बसावा.

तोवर पोरांना सांगा, दावा आला म्हणून व्हिडिओ काढून टाकू नका. हरकत नोंदवा. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर दावा उठतो. पडद्यावरचा दाव्याचा मजकूर कागदावर उतरवून जिल्हा बैठकीला घेऊन या.